तक्रार म्हणजे निकाल नव्हे

संकेतस्थळाकडे कॉपीराइटभंगाची तक्रार आली की मजकूर आधी उतरवावा आणि चौकशी मागाहून करावी. तक्रार चुकीची ठरली तर मजकूर पुन्हा चढवता येतोच, त्यात कुणाचे काय गेले? हा युक्तिवाद चित्रपट निर्माते, संगीत कंपन्या आणि वृत्तसंस्था फार पूर्वीपासून करत आल्या आहेत. आता तो मराठी प्रकाशकांच्या आणि लेखकांच्या बोलण्यातही येऊ लागला आहे. त्याला जोडून आणखी एक मागणी असते: एकदा उतरवलेली गोष्ट पुन्हा कुणालाही चढवता येऊ नये, आणि ही राखण माणसांवर न सोडता यंत्रावर सोपवावी. ही मागणी करणाऱ्यांचे दुःख खरे आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घातक आहे, आणि तो सर्वांत आधी लहान लेखक-कलावंतांच्याच मुळावर येणारा आहे.

दुःख खरे आहे असे मी तोंडदेखले म्हणत नाही. हजार प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षे लागतात, तिथे नव्या कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत काही दिवसांत गावोगाव पोहोचते. वाटणारा तिला वाचनसेवा म्हणतो. पण त्या सेवेचा खर्च लेखकाच्या मानधनातून आणि प्रकाशकाच्या पुढच्या पुस्तकाच्या भांडवलातून भागवला जातो. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या एका शिक्षिकेला आपले साहित्य फुकट वाटणाऱ्या टेलिग्राम चॅनेलांमागे कोण आहे एवढे कळावे म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलचालकांची माहिती देण्याचा आदेश दिला. सर्व्हर परदेशात आहेत, वापरणाऱ्यांची गोपनीयता आम्ही जपतो, या सबबी न्यायालयाने मानल्या नाहीत. हा निर्णय मला शंभर टक्के मान्य आहे. चोराला गोपनीयतेच्या आड लपू देऊ नये.

पण त्या प्रकरणात काय घडले ते नीट पाहा. तक्रारदार न्यायालयात गेली, आपले हक्क तिने सिद्ध केले, न्यायालयाने दुसऱ्या बाजूचे ऐकले आणि मग आदेश झाला. आज जी मागणी होते आहे, ती हा सगळा मधला भागच गाळून टाकण्याची आहे.

आपला कायदा तसे म्हणत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि २०१३ च्या नियमावलीत ७५ वा नियम आला. या नियमाप्रमाणे तक्रार लेखी हवी. कृती कोणती, तिचा हक्क आपल्याकडे कसा, ती नेमकी कुठे चढवली आहे, आणि हा वापर कायद्याच्या ५२ व्या कलमातल्या अपवादांत का बसत नाही, हे तक्रारदाराने सांगायचे आहे. शिवाय २१ दिवसांच्या आत आपण न्यायालयात दावा दाखल करू आणि आदेश आणून दाखवू, असे हमीपत्रही द्यायचे आहे. तक्रारीत तथ्य वाटले तर संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर रोखायचा. पण तोही २१ दिवसांसाठी, किंवा त्याआधी आदेश आला तर तेवढ्याच काळापुरता. आदेश आलाच नाही तर मजकूर पुन्हा खुला करायला संकेतस्थळ मोकळे. इतकेच नाही, तर आदेश न आणणाऱ्या तक्रारदाराने त्याच ठिकाणच्या त्याच कृतीबद्दल पुन्हा नोटीस पाठवली, तर तिची दखल घ्यायला संकेतस्थळ बांधील राहत नाही.

हा नियम समतोल आहे. आपले नुकसान होत असेल तर लगेच थांबवून घे, पण मग तीन आठवड्यांत न्यायाधीशासमोर उभा राहा, असे तो तक्रारदाराला सांगतो. त्यात एक मोठी उणीवही आहे. ज्याचा मजकूर उतरवला त्याला कळवावे, त्याचे म्हणणे घ्यावे, याची तरतूदच या नियमात नाही. आणि २१ दिवस उलटल्यावर मजकूर परत चढवलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. म्हणजे सुधारायचेच असेल तर या नियमात आरोपीची बाजू घालायला हवी. मागणी मात्र उलट दिशेने होते आहे.

आणि प्रत्यक्षात हा नियम चालतो तरी कुठे? मराठी माणूस आज व्हिडिओ, गाणी, कीर्तने, परीक्षणे, व्याख्याने चढवतो ती मुख्यतः यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर. तिथला कारभार चालतो तो १९९८ च्या अमेरिकन डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या साच्याने आणि त्याही पलीकडे त्या कंपन्यांच्या खासगी नियमांनी. यूट्यूबने २००७ पासून ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा चालवली आहे. मोठे हक्कधारक आपली गाणी-चित्रपट तिच्यात नोंदवतात, आणि नवा व्हिडिओ चढला की यंत्र त्याची ताडणी करते. जुळले की दावा लागतो. व्हिडिओ बंद होतो किंवा त्याची जाहिरातीची कमाई दावेदाराकडे वळते. व्हिडिओ करणाऱ्याने हरकत घेतली तर ती हरकत आधी जाते कुणाकडे? ज्याने दावा केला त्याच्याकडेच. तो ३० दिवसांत उत्तर देणार, आणि आपला दावा बरोबर आहे असे त्याने म्हटले की तो कायम. त्यावर अपील करता येते, पण तेव्हा दावेदार रीतसर काढून टाकण्याची नोटीस देऊ शकतो आणि चॅनेलवर स्ट्राईक पडतो. ९० दिवसांत तीन स्ट्राईक पडले की चॅनेल बंद. जिथे फिर्यादीच पहिला न्यायाधीश असतो, त्या व्यवस्थेला चौकशी म्हणता येत नाही.

या यंत्राच्या हातून काय काय घडले आहे ते जगजाहीर आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ हे यान मंगळावर उतरले. नासाने स्वतःच्या चॅनेलवर टाकलेले त्याचे दृश्य एका वृत्तसेवेच्या दाव्यावरून यूट्यूबवरून नाहीसे झाले. वास्तविक अमेरिकन सरकारच्या कामावर तिथल्या कायद्याप्रमाणे कॉपीराइटच नसतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराच्या दहा तासांच्या व्हिडिओवर पाच दावे लागले. त्या व्हिडिओत नुसती एकसुरी खरखर होती. त्याच वर्षी जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने आपण वाजवलेले बाखचे संगीत फेसबुकवर टाकले, तर त्यातले ४७ सेकंद सोनी म्युझिकच्या मालकीचे असल्याचा दावा आला. बाख १७५० साली वारला.

बाखचे जे झाले ते तुकोबांचे होऊ शकत नाही असे समजू नका. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा अभंग गावच्या भजनी मंडळाने पारंपरिक चालीत म्हटला, आणि त्याच चालीतले एखादे ध्वनिमुद्रण कंपनीने यंत्रात नोंदवलेले असले, तर यंत्राच्या लेखी सूर जुळला की काम झाले. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणावर असतो, अभंगावर नसतो, परंपरेने चालत आलेल्या चालीवर नसतो, गावातल्या गळ्यांवर तर नसतोच. हा फरक शास्त्रीय संगीतातल्या प्रत्येकाला कळतो. एकच बंदिश, एकच राग, दोन गायक: दोन्ही गायने स्वतंत्र. यंत्राला हे शिकवलेले नाही, आणि ज्यांच्याकडे यंत्राच्या चाव्या आहेत त्यांना ते शिकवण्यात आर्थिक फायदाही नाही.

आता ‘चुकीची तक्रार असेल तर मजकूर परत येतोच’ या मुख्य आधाराकडे वळतो.

समजा, लातूरच्या एखाद्या शिक्षकाने नव्या चित्रपटाचे परखड परीक्षण केले आणि मुद्दा पटवण्यासाठी त्यातली वीस सेकंदे दाखवली. आपल्या कायद्याचे ५२ वे कलम टीका आणि समीक्षेसाठी अशा उचित वापराला स्पष्ट मुभा देते. निर्मात्याने प्रदर्शनाच्या शुक्रवारी यूट्यूबकडे नोटीस दिली आणि व्हिडिओ उतरला. शिक्षकाला प्रतिनोटीस देण्याचा मार्ग आहे. त्यासाठी त्याने आपले खरे नाव, पत्ता आणि दूरध्वनी द्यायचा; ती माहिती तक्रारदाराकडे जाते. आणि एक संमती द्यायची: आपण अमेरिकेबाहेर राहत असलो तरी यूट्यूब जिथे आहे तिथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र आपल्याला मान्य आहे. चित्रपट भारतीय, निर्माता भारतीय, समीक्षक भारतीय, प्रेक्षक मराठी. आणि सही करायची ती सातासमुद्रापलीकडच्या कोर्टाला मान तुकवून. एवढे करूनही तक्रारदाराला दावा लावण्यासाठी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तोवर चित्रपटाचे दोन आठवडे पार पडलेले असतात. परीक्षण परत आले तरी ते आता वाचणार-पाहणार कोण? बातमी, परीक्षण, निवडणुकीच्या काळातले भाष्य, यांचे मोल त्या त्या दिवसाला असते. ते दिवस एकदा गेले की परत चढवलेल्या मजकुराने भरपाई होत नाही.

बहुतेक जण म्हणूनच प्रतिनोटीस देत नाहीत. ते व्हिडिओ सोडून देतात, पुढच्या वेळी त्या कंपनीच्या वाटेला जात नाहीत. टीका करणारा गप्प बसला की तक्रारीचे काम झालेले असते. न्यायालयात जायची गरजच उरत नाही.

तक्रारीत दडलेली ही ताकद हेरून तिचा धंदा करणारेही निघाले. अमेरिकेत ख्रिस्टोफर ब्रेडी नावाच्या माणसाने यूट्यूबवरच्या काही जणांविरुद्ध खोट्या नोटिसा दिल्या आणि त्या मागे घेण्यासाठी पैसे मागितले, असा आरोप ठेवून २०१९ साली यूट्यूबनेच त्याच्यावर दावा लावला. त्याने माफी मागून २५,००० डॉलर भरले आणि प्रकरण मिटले. दुसरे प्रकरण याहून मोठे: दोघा जणांनी ‘मीडियामव्ह’ नावाने कंपनी काढून हजारो गाणी आपलीच असल्याचे कंटेंट आयडी यंत्रणेत नोंदवले आणि २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खिशात घातली. ती कमाई खऱ्या कलावंतांची होती, त्यांतले बरेच लॅटिन अमेरिकन संगीतकार होते. चोरी थांबवण्यासाठी उभारलेले यंत्रच चोरीचे हत्यार झाले, आणि ते वर्षानुवर्षे चालले. या दोघांना पुढे तुरुंगवास झाला, पण तो फौजदारी कारवाई झाल्यावर. यंत्राने त्यांना पकडले नव्हते.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आला आहे. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केला की, आपल्या व्हिडिओंतल्या काही सेकंदांच्या दृश्यांवरून स्ट्राईक टाकले गेले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांच्या परवान्याची मागणी झाली. वृत्तसंस्थेची भूमिका अशी की, आपण आपल्या मालकीच्या दृश्यांचे कायदेशीर संरक्षण करत आहोत. तिने बदनामीचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात नेला. कोणाचे बरोबर हे न्यायालय ठरवील. माझा मुद्दा वेगळा आहे. वृत्तसंस्थेच्या दृश्यांवर तिचा हक्क आहे, ती महागडी असतात, ती वापरणाऱ्याने पैसे मोजावेत, हे सगळे मान्य केले तरी किती सेकंद, कशासाठी, उचित वापर की नाही, हे ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. चॅनेल बंद पडण्याचा धाक डोक्यावर असताना जी रक्कम ठरते, ती वाटाघाटीने ठरलेली किंमत मानता येणार नाही.

‘जे स्वच्छ आहेत त्यांना भ्यायचे कारण काय?’ असे विचारले जाते, आणि पुराव्यादाखल यूट्यूबचे आकडे पुढे केले जातात. मीही तेच आकडे घेतो. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत यूट्यूबवर कंटेंट आयडीचे ७२ कोटी २० लाखांहून अधिक दावे लागले. त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक यंत्राने आपोआप लावले. हरकत घेतली गेली ती एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर. म्हणजे यंत्र ९९ टक्के अचूक, असा निष्कर्ष काढला जातो. पण ज्यांवर हरकत घेतली त्यांपैकी ६० टक्के दावे व्हिडिओ करणाऱ्यांच्या बाजूने निकाली निघाले. सहा महिन्यांत असे सुमारे २२ लाख दावे, ज्यांत दावेदाराला माघार घ्यावी लागली किंवा दावा टिकला नाही. हरकत न घेणारे सगळे दोषी होते असे मानायला काय आधार आहे? हरकत घेण्यातला धोका मी वर सांगितला आहे. शिवाय कोणालाही उघड असलेल्या वेबफॉर्ममधून ज्या व्हिडिओंना उतरवण्याची मागणी झाली, त्यांपैकी ८ टक्क्यांहून अधिक व्हिडिओंबाबत ती यंत्रणेचा गैरवापर करणारी होती, हे यूट्यूबनेच नोंदवले आहे. ज्या कोर्टात बारा फिर्यादींमागे एक खोटी निघते, तिथे फिर्याद दाखल होताच शिक्षा द्या असे कुणी म्हणेल का?

राहिली कायमच्या बंदीची मागणी: एकदा उतरवलेली कृती यंत्राने पुन्हा चढूच देऊ नये. ही मागणी भारतात नवी नाही. सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीजची कंपनी, मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्ध हेच मागत होती. आमच्या गाण्यांची यादी तुम्हाला दिली, आता त्यातले काहीही तुमच्याकडे दिसता कामा नये, असा तिचा आग्रह होता. २३ डिसेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो नाकारला. अमुक पत्त्यावर अमुक कृती बेकायदा आहे अशी नेमकी माहिती मिळाली की संकेतस्थळाने ती काढली पाहिजे, त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची नाही; पण नुसती यादी देऊन सगळ्या मजकुरावर पहारा ठेवण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. उगाच अंगावर नको म्हणून संकेतस्थळे कायदेशीर मजकूरही उडवतील, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते.

यंत्राची अडचण अशी की त्याला कृती ओळखता येते, हक्क ओळखता येत नाही. ‘श्यामची आई’चेच घ्या. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० चे. लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे ३१ डिसेंबर २०१० ला संपली, आणि १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक सर्वांचे झाले. कुणीही छापावे, वाचून ध्वनिमुद्रित करावे, संकेतस्थळावर ठेवावे. पण एखाद्या प्रकाशकाने आपली नवी आवृत्ती यंत्रात नोंदवली, तर यंत्र मजकूर जुळला म्हणून बाकी सगळ्यांचे वाचन अडवील. त्या प्रकाशकाचा हक्क त्याच्या प्रस्तावनेवर आणि चित्रांवर आहे, साने गुरुजींच्या वाक्यांवर नाही, हे त्याला कोण सांगणार? मराठीतला हजारो पुस्तकांचा ठेवा आता असा मुक्त झाला आहे. तो वाचवायचा तर लेखकाच्या मृत्यूचे वर्ष शोधावे लागते, आवृत्ती तपासावी लागते, अनुवाद असेल तर अनुवादकाचे साल वेगळे काढावे लागते. मराठी विकिस्रोतावर काम करणारे स्वयंसेवक ही मेहनत घेतात. या कामात यंत्र मदत करू शकेल, निर्णय देऊ शकणार नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याविषयी. मराठीत सर्वाधिक चोरी होते ती कवितेची, आणि ती पैशासाठी होत नाही. कविता जशीच्या तशी फिरते. खालचे नाव गळून पडते, किंवा तिथे दुसऱ्याचे नाव येते, किंवा एखाद्या थोर दिवंगत कवीच्या नावावर ती खपवली जाते. कवीला त्यातून एक रुपयाही नको असतो. त्याला एवढेच हवे असते की कविता फिरू दे, पण माझ्या नावाने फिरू दे. कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम नेमका हाच हक्क देते. कृतीचे कर्तेपण सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी तिची मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, कॉपीराइट विकून टाकला तरी राहतो. आज ज्या झटपट यंत्रणेचे गोडवे गायले जातात, तिच्यात या हक्काला जागा कुठे आहे? तक्रारीचा फॉर्म उघडला की मजकूर काढा एवढाच पर्याय समोर येतो. नाव दुरुस्त करा, हा पर्याय नाही. दहा हजार लोकांनी वाचलेली कविता नाहीशी करून कवीला काय मिळाले? नाव लागले असते तर दहा हजार वाचक मिळाले असते. आणि कंटेंट आयडीसारख्या यंत्रणेचे दार या कवीला बंदच आहे. ती आहे प्रचंड संग्रह बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी. मराठी लेखकांनी ज्या यंत्राच्या विस्ताराची मागणी चालवली आहे, त्याच्या फिर्यादीच्या बाजूला ते कधी बसणार नाहीत. आरोपीच्या बाजूला मात्र बसावे लागेल.

रोज लाखो तक्रारी येतात, माणसे बसवून त्या कशा तपासायच्या, हा आक्षेप कंपन्यांचा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पण तपासणी अशक्य आहे हे मला पटत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे येणाऱ्या नोटिसा ते वाचतात, बहुसंख्य नाकारतात आणि किती नाकारल्या ते नियमितपणे जाहीर करतात. माकडाने स्वतः काढलेल्या छायाचित्राच्या प्रसिद्ध वादात २०१४ साली त्यांनी छायाचित्रकाराची मागणी कारण देऊन फेटाळली होती. त्यांच्याकडे तक्रारी थोड्या येतात हे खरे. पण त्यांच्याकडे पैसाही थोडाच आहे. जी कंपनी जगभरच्या व्हिडिओंवर जाहिराती विकून प्रचंड नफा कमावते, तिने हरकत घेतलेल्या दाव्यांपुरती तरी माणसे नेमावीत. सगळ्या दाव्यांसाठी कुणी मागत नाही. अमेरिकेतसुद्धा न्यायालयाने तक्रारदारावर थोडी जबाबदारी टाकली आहे. एका आईने आपल्या नाचणाऱ्या लहानग्याचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते म्हणून तो उतरवला गेला. २०१५ साली अपील न्यायालयाने सांगितले की, नोटीस पाठवण्याआधी हा उचित वापर आहे का याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे. मात्र प्रामाणिकपणे तसे वाटले एवढे म्हटले की तो सुटतो, आणि त्या आईचे प्रकरण मिटायला २०१८ उजाडले.

इंटरनेटवर सगळे फुकटच असले पाहिजे असे म्हणणाऱ्यांशी माझे काही देणेघेणे नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि संपूर्ण पुस्तक स्कॅन करून वाटणाऱ्या चॅनेलवर कारवाई झालीच पाहिजे, तीही झटपट. अख्खे पुस्तक, अख्खा चित्रपट, अख्खे गाणे जसेच्या तसे चढवलेले असेल तर ३६ तास पुष्कळ झाले. पण ज्यात टीका आहे, समीक्षा आहे, बातमी आहे, स्वतःचे गायन आहे, मुक्त झालेली जुनी कृती आहे, तिथे मजकूर उतरवण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारले गेले पाहिजे. या दोन्हींना एकाच मापाने मोजणारी व्यवस्था चोराला अडवत नाही, कारण चोर दुसऱ्या नावाने दुसरे चॅनेल काढतो. ज्याचे एकच नाव आहे आणि एकच चॅनेल आहे, तो त्यात भरडला जातो.

मराठी लेखक-प्रकाशकांच्या संघटनांनी केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे निवेदन द्यावे. कॉपीराइटचा कारभार त्याच विभागाकडे आहे. निवेदनात मागणी यंत्राची नको. ७५ व्या नियमात दुरुस्ती मागावी: ज्याचा मजकूर उतरवला त्याला त्याच दिवशी तक्रारीची प्रत मिळावी, त्याचे उत्तर नोंदवले जावे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मजकूर परत चढवणे सक्तीचे व्हावे. भारतीयाने भारतीयाविरुद्ध केलेल्या तक्रारीचा वाद भारतातल्याच न्यायालयात चालावा. कॅलिफोर्नियाची संमती घेण्याची प्रथा बंद व्हावी. वारंवार खोट्या तक्रारी करणाऱ्याची तक्रारीची सोय काढून घ्यावी आणि सगळ्या तक्रारी लोकांना पाहता याव्यात. ५७ व्या कलमाखाली नाव लावण्याची मागणी करणारा वेगळा फॉर्म प्रत्येक मोठ्या संकेतस्थळावर असावा.

ही दुरुस्ती होईपर्यंत वाचकांना एक सांगणे आहे. तुमच्या प्रामाणिक कामावर दावा आला तर घाबरून काम पुसून टाकू नका. तक्रारीची प्रत मागा, लेखी उत्तर द्या, आणि तक्रारदाराने न्यायालयात दावा दाखल केला आहे का ते विचारा. कॉपीराइट कायद्याच्या ६० व्या कलमाखाली, निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्ही स्वतः दावा लावून मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकता.